पानशांचे लोक

इंचभर उंचीचे शिपाई रंगवायचे, त्यांच्या पलटणी करायच्या, टेबलावर एखाद्या खऱ्या लढाईचं मैदान उभं करायचं आणि फासे टाकून ती लढाई पुन्हा लढायची, असा एक छंद आहे. इंग्लंड-अमेरिकेत त्याची मंडळं आहेत, दुकानं आहेत, जाडजूड नियमपुस्तकं आहेत. आमच्या सोलापुरात आम्ही चौघं आहोत. कधीमधी पाच होतो, पण पाचवा चार्टर्ड अकाउंटंट आहे, त्यामुळे तो बराच काळ फक्त फोनवर भेटतो.

माझी सगळी नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरी-टॉवेलच्या कारखान्यात, रंगखात्यात गेली. लोक अजून मला मास्तर म्हणतात. शाळेतला नव्हे, डाइंग मास्तरमधला. रंगात जन्म गेलेल्या माणसाने निवृत्तीनंतर पुन्हा ब्रश घेऊन बसावं हे घरात कुणाला पटलेलं नाही. आयुष्यभर टनाने सूत रंगवलं, आता नखाएवढं पागोटं रंगवायला तुम्हाला आठवडा लागतो, असं बायको म्हणते. हिशेब बरोबर आहे.

या नादाला भाच्याने लावलं. तो पुण्यात नोकरीला, तिथल्या मित्रांकडे त्याने हा खेळ पाहिला आणि एका दिवाळीत शिशाच्या रंगाच्या बिनरंगी सैनिकांची डबी घेऊन आला. “मामा, तुम्ही रंगातले. बघा की जमतंय का.” पण खरं सांगायचं तर आपल्याकडे ही आवड बाहेरून आणावी लागत नाही. ज्या पोराने दिवाळीत किल्ला केलाय त्याच्या अंगात ती असतेच. दगड-विटांवर गोणपाट टाकायचं, त्यावर चिखल थापायचा, हळीव नाहीतर मोहरी पेरायची, तटाला काव द्यायचा, वर सिंहासनावर महाराज आणि उतारावर मावळे. मावळे आम्ही कुंभार वेशीतून आणायचो. सगळे एकाच साच्यातले, एक पाय पुढे, हातात तलवार, लाल पागोटं, पिवळा अंगरखा, आणि भाऊबीज येईपर्यंत निम्म्यांच्या तलवारी गेलेल्या. किल्ला मांडून झाला की मात्र पुढे काय करायचं हे कळायचं नाही. मावळे तसेच उभे राहायचे. युरोपातल्या लोकांनी नेमकी तिथून सुरुवात केली: हलवायचे कसे, कोण मेला ते ठरवायचं कसं.

त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण मला त्यात फार रस नाही. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 साली नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन अधिकाऱ्यांना लढाई शिकवायचा खेळ तयार केला. मंगळावरून पृथ्वीवर झालेल्या स्वारीची कादंबरी लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं छोटं पुस्तक लिहून हाच प्रकार दिवाणखान्यात आणला. त्यांच्या खेळात खेळण्यातली तोफ खरोखर लाकडी काडी उडवायची आणि जो शिपाई पडला तो मेला. पुढे फासे आले, मोजपट्टी आली, पलटणीचा धीर सुटला का ते तपासायचे तक्ते आले. आता कुठल्याही काळातली, कुठल्याही देशातली फौज घेऊन खेळता येतं. मग आपण दुसऱ्यांचं वॉटर्लू कशाला लढायचं, असा प्रश्न आमच्यातल्या यंत्रमागवाल्या मित्राने केला. हा पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. म्हणाला, “का बे, आपल्या किल्ल्यावर लढाई झाली नाही का कधी?”

झाली होती. सोलापूरचा भुईकोट सगळ्यांना हुतात्मा बागेमुळे ठाऊक असतो. पोरं तिथे खेळायला जातात, जोडपी बसायला जातात. बहमनी काळातला हा किल्ला, दुहेरी तटाचा, बाजूला सिद्धेश्वराचं तळं आणि बाकी अंगाला खंदक. पुढे निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात तो इतका ओढला गेला की लग्नात आंदण म्हणून द्यायचा की नाही यावरून दोन राज्यांत युद्धं झाली. पण आम्हाला हवी होती ती लढाई 1818 च्या मे महिन्यातली. फेब्रुवारीत मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडले होते, दुसरे बाजीराव पळतीवर होते, आणि पेशव्यांचं उरलेलं पायदळ व तोफा गणपतराव पानशांच्या हाताखाली सोलापूरच्या किल्ल्याजवळ होत्या. पानसे म्हणजे पेशव्यांच्या तोफखान्याचं घराणं, सासवडजवळचा मल्हारगड बांधणारं. दक्षिणेतून बेळगाव घेऊन इंग्रजांचा जनरल मन्रो आला. 10 मेला पहाटे त्याच्या माणसांनी शिड्या लावून पेठ घेतली. पानशांनी तोफा फिरवून बाहेर थांबलेल्या राखीव तुकडीवर मारा केला, तेव्हा त्या तुकडीनेच चाल करून त्या तोफा घेतल्या. त्याच दिवशी पानशांची फौज हलू लागली आणि प्रिट्झलर नावाच्या अधिकाऱ्याचे घोडेस्वार तिच्या पाठीवर बसले, ते पार सीना नदीपर्यंत. किल्ला आणखी काही दिवस टिकला. 15 मेला तोही गेला. बाजीराव इंग्रजांच्या मालकम नावाच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाले ते त्यानंतर, 3 जूनला.

म्हणजे पेशवाईच्या अगदी शेवटच्या लढायांपैकी एक आमच्या गावात झाली आणि माझ्या वयाच्या निम्म्या सोलापूरकरांना ती ठाऊक नाही. इंग्रजांचा 1930 चा मार्शल लॉ आणि फाशी गेलेले चार हुतात्मे सगळ्यांना पाठ. ते पाठ असायलाच हवेत. पण त्याच्या मागे गावाची आठवण एकदम ग्रामदैवत सिद्धरामेश्वरापर्यंत उडी मारते.

ठरलं, सोलापूर लढायचं. आणि रंगवायला बसलो तेव्हा खरी गंमत सुरू झाली.

इंग्रजांची फौज रंगवणं हे कारकुनी काम आहे. कुठल्या पलटणीच्या डगल्याला कुठल्या रंगाची कॉलर, कुठल्या आकाराची बटणं, पट्टे आडवे की उभे, सगळं छापलेलं मिळतं. त्यांनी लिहून ठेवलंय, चित्रं काढून ठेवलीत, डगलेसुद्धा जपून ठेवलेत. मद्रासी शिपायांची रांग मी टीव्हीवर क्रिकेट बघत रंगवली. फक्त लाल रंगाशी माझा जरा वाद झाला. भाच्याने आणलेल्या बाटलीतला लाल भडक होता, लग्नाच्या मांडवासारखा. 1818 मध्ये कृत्रिम रंग नव्हतेच. पर्किनचा जांभळा 1856 चा, मंजिष्ठेतला रंग प्रयोगशाळेत तयार झाला तो 1868-69 च्या सुमारास. त्यामुळे साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठेच्या लालात रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा, आणि दोन उन्हाळ्यांत आणखी उतरणारा. अधिकाऱ्याचा मात्र किरमिजी किड्यापासून केलेल्या रंगातला, झळझळीत. एकाच रांगेत दोन लाल. मी लालात थोडा भाजका तपकिरी आणि कणभर पिवळा घालून शिपायांचा रंग केला आणि अधिकाऱ्यांना भाच्याची बाटली दिली. टेबलावर हातभर अंतरावरूनही फरक कळतो. रंगखात्यात उभं राहून गठ्ठ्यागठ्ठ्यातला शेडचा फरक पकडलेल्या माणसाला तर फारच कळतो.

आपल्या बाजूला आलो आणि हात थांबला. पानशांचे शिपाई काय घालायचे? पेशव्यांकडे कवायती पायदळ होतं, अरब होते, त्यांच्याशिवाय नाना तऱ्हेचे शिबंदीचे लोक. गणवेशाचा तक्ता नाही. पगार थकलेले, हार होऊन महिने झालेले, धनी कुठे आहे ते नक्की ठाऊक नाही, अशा फौजेच्या अंगावर काय असेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. जे चित्रांत दिसतं ते दरबारचं. वेल्स नावाच्याच, पण दुसऱ्या, पुण्यातल्या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवरावांच्या काळात केलेल्या कामात सरदार आहेत, मानकरी आहेत, शिपाईगडी कोपऱ्यात. सगळ्यात कामाला आलं ते ब्रॉटन नावाच्या अधिकाऱ्याचं, शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांचं 1813 चं पुस्तक. त्यातली रंगीत चित्रं एका हिंदी चित्रकाराच्या हातची आहेत. शिंद्यांची छावणी म्हणजे पानशांची नव्हे, पण काळ तोच, कापड तेच, बांधणी जवळपास तीच. काहीच नसण्यापेक्षा बरं.

मग मी माझ्या धंद्याच्या वाटेने गेलो. त्या काळी दख्खनमध्ये गरीब माणसाच्या अंगावर कुठले रंग असू शकतात? पहिला, न रंगवलेला: जाडाभरडा, धुऊन मळकट झालेला पांढरा, ज्याला खरं तर पांढरा म्हणू नये. नीळ. आलाच्या मुळीचा तांबडा, हा टिकाऊ आणि स्वस्त. हळदीचा पिवळा, उन्हात उडणारा. पळसफुलांचा. आणि करडईच्या फुलांचा कुसुंबी. आमच्या जिल्ह्यात करडईला काय तोटा? ज्वारीच्या रानात काटेरी पट्टा असतो तो तिचाच. आपण तिचं तेल खातो, पण पूर्वी फुलांतून सुरेख गुलाबी काढायचे. दिसायला राणी रंगाच्या जवळ, फक्त दोन-चार धुण्यांत फिका पडणारा. तेव्हा पानशांच्या माणसांना मी एकच नियम लावला: प्रत्येकाला यांतलेच रंग, पण कुणाही दोघांचं पागोटं सारखं नाही, आणि कुठलाही रंग नवाकोरा नाही. एक पलटण पूर्ण व्हायला पावसाळा गेला. लाल डगल्यांची रांग एकसाथ रंगते, आधी सगळ्यांचे डगले, मग सगळ्यांचे पट्टे, मग सगळ्यांचे बूट. पानशांच्या माणसांपुढे मात्र एकेकाजवळ बसावं लागतं. हा कुठला असेल, याचा बाराबंदी का अंगरखा, याच्या पायात जोडा आहे की नाही.

काम कसं चालतं तेही सांगतो, कारण लोक विचारतात. बाहुली आधी सुताच्या रिकाम्या बॉबिनच्या टोकाला चिकटवायची. सोलापुरात बॉबिनला तोटा नाही, आणि हातात धरायला यासारखी चीज नाही. मग पातळ राखाडी अस्तर. पागोट्याला पहिला हात गडद, म्हणजे लालाला तपकिरी, पांढऱ्याला मातकट. वाळला की काळ्या-तपकिरी पाण्यासारख्या रंगाचा एक हात, तो आपोआप घड्यांत जाऊन बसतो. त्यावर मूळ रंग, पण घड्या सोडून, फक्त उंचवट्यांवर. शेवटी शून्य-शून्य नंबरच्या ब्रशने प्रत्येक पीळ फिक्या रंगाने वेगळा काढायचा. एवढं केलं की पागोटं गुंडाळल्यासारखं दिसतं. डोळे मी काढत नाही. इंचभराच्या माणसाचे डोळे काढले की तो भुतासारखा बघायला लागतो. भुवयांखाली सावली दिली की पुरे. चेहऱ्यांना बाटलीतला ‘कातडीचा रंग’ चालत नाही, तो गोऱ्यांचा असतो. आमच्याकडे प्रत्येक चेहऱ्याला वेगळी मिसळ, कारण दख्खनच्या फौजेत सगळे एका वर्णाचे कसे असतील?

मार्च ते मे मात्र सोलापूर या छंदाचा वैरी आहे. पारा चव्वेचाळीसला टेकला की अॅक्रिलिक ब्रशवरच वाळतं. परदेशात त्यासाठी खास ओली पॅलेट विकतात. आम्ही प्लास्टिकच्या चपट्या डब्यात ओलं टॉवेलचं कापड घालतो, टॉवेल तर घरचाच, आणि त्यावर बटरपेपर. पहाटे पाच ते आठ काम. नंतर पंखा लावला तर रंग वाळतो आणि नाही लावला तर माणूस वाळतो.

बाहुल्या परदेशातून मागवल्या तर किमतीएवढं जकातीचं आणि टपालाचं होतं. त्यात 1818 च्या मराठी फौजेच्या हव्या तशा मिळतच नाहीत. आम्ही मुघली पायदळाच्या घेतो आणि एम-सील लावून पागोटी बदलतो, अंगरख्याची लांबी कमी करतो. आता भाच्याच्या ओळखीच्या एका पोराने रेझिनचं थ्रीडी प्रिंटर घेतलंय. त्याने तोफेचा गाडा छापून दिला तो इतका सुबक निघाला की मी त्याला दोन दिवस रंगच लावला नाही.

मैदान यंत्रमागवाल्याच्या गोदामात मांडतो. सहा बाय चारचा प्लाय, त्यावर थर्माकोलचा तट, मातीचा रंग, तळ्याला निळ्यावर जाड वार्निशचे थर. आणि पहिल्याच दिवशी पेच पडला: इंग्रज कोण होणार? हे चार हुतात्म्यांचं गाव. इथे लाल डगला आनंदाने कोण घेणार? आमच्यातले, शाळेतून निवृत्त झालेले सर म्हणाले, “मी शिकवताना यांना आयुष्यभर हरवत आलोय, आता जिंकवू कसा?” शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं आणि ते अजून चालू आहे. ज्याच्या वाट्याला मन्रो येतो तो त्या दिवशी चहाचे पैसे देतो.

आम्ही एक नियम पुस्तकाबाहेरचा केलाय, त्याला उन्हाचा नियम म्हणतो. 10 मे आणि सोलापूर, आणि गोऱ्या माणसाच्या अंगावर लोकरीचा डगला. पहिल्या काही फेऱ्या पहाटेच्या धरायच्या. त्यानंतर प्रत्येक फेरीला युरोपियन पलटणीने एक फासा टाकायचा, एक आला की ती पलटण त्या फेरीत अर्धीच चालते. इंग्रज खेळणारा नेहमी कुरकुरतो. पण याच नियमामुळे मन्रोने पहाट का साधली ते हातात आल्यासारखं कळलं. उशीर करणारा मन्रो आमच्या टेबलावर हमखास अडकतो.

पानसे मात्र मला खेळूनच थोडेफार कळले. पुस्तकात वाचताना वाटायचं की किल्ला जवळ असताना हा माणूस बाहेर कशाला थांबला? टेबलावर माणसं मोजून आत घालायला गेलो तर किल्ल्यात एवढ्या फौजेला उभं राहायला जागाच नाही. आत शिरले तर पाणी, दाणा, घोडी, सगळ्याचा प्रश्न. बाहेर राहिले तर तोफा तटाच्या आधाराने लढवता येतात, पण एकदा पेठ गेली की त्याच तोफा उघड्या पडतात, आणि बैल जोडून ती धुडं हलवायला आमच्या नियमांत दोन फेऱ्या लागतात. त्या दोन फेऱ्यांत राखीव तुकडी येऊन धडकते. एकदा सरांनी पानसे घेतले आणि पेठेतल्या गल्ल्यांत अरबांना दडवून तोफा हलवल्याच नाहीत. मन्रो बराच वेळ पेठेत अडकला. तरी शेवटी पडले, पण माणसं पुष्कळ वाचली. सर खूश. यंत्रमागवाला म्हणाला, “सर, वाचून कुठं जाणार होते बे ते? धनी तर खानदेशाकडं.” त्यावर सर गप्प झाले आणि मग दोघांत जो वाद लागला तो पानशांना माघारीचा हुकूम द्यायला कुणी वरिष्ठ उरला होता का, यावर. मला तो वाद फाशांपेक्षा जास्त आवडला.

पाहायला येणाऱ्यांत पोरं सगळ्यात हुशार प्रश्न विचारतात. एका पोरीने तोफेमागच्या माणसाकडे बोट दाखवून विचारलं, याच्या हातात काठी कशाला? ती काठी म्हणजे तोफेची नळी आतून ओल्या बोळ्याने पुसायची, आत ठिणगी राहिली तर पुढची दारू भरतानाच उडते. तिने लगेच विचारलं, मग पाण्याची बादली कुठंय? नव्हती. त्या रात्री एम-सीलच्या चार बादल्या केल्या आणि प्रत्येक तोफेशेजारी एक ठेवली.

मोठी माणसं बहुधा दोनच गोष्टी विचारतात: केवढ्याला पडतं, आणि विकणार का.

सध्या आष्टीची तयारी चालू आहे. 20 फेब्रुवारी 1818, घोडदळाची लढाई. जनरल स्मिथने पेशव्यांच्या तळाला गाठलं, बापू गोखल्यांनी निवडक स्वार घेऊन त्याला अडवलं आणि ते तिथे पडले. स्मिथलाही डोक्याला तलवारीची जखम झाली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह त्याच दिवशी इंग्रजांच्या हाती गेले. आता तिथे मोठा तलाव आहे, दुष्काळी कामातून झालेला, त्यामुळे जुनी जमीन वाचणं सोपं नाही. आम्ही गाडी काढून जाऊन आलो, चढ-उतार वहीत उतरवले, धाब्यावर शेंगाची चटणी-भाकरी खाल्ली.

आष्टीला माणसांपेक्षा घोडी जास्त, आणि घोड्यांच्या बाबतीत मराठी माणूस अजिबात उपाशी नाही. कुमैत, तेलिया कुमैत, अबलख, सब्जा, पंचकल्याणी: प्रत्येकाचा रंग, पायांवरचं पांढरं, कपाळावरचा टिळा, सगळं ठरलेलं. माणसांच्या अंगरख्यांची नोंद नाही पण घोड्यांच्या रंगांची नावं इतकी, की मला पहिल्यांदाच इंग्रजांपेक्षा आपली बाजू रंगवणं सोपं जातंय. तेलिया कुमैताला लालसर तपकिरीवर काळ्याचा पातळ हात देऊन वर चकचकीत वार्निश लावतो, तेल लावल्यासारखा दिसतो. पंचकल्याणीचे चारही पाय आणि कपाळ पांढरं, त्यात मी एकाचा मागचा पाय विसरलो तेव्हा भाच्याने फोनवरच्या फोटोत पकडलं.

भांडण एवढंच राहिलंय की बापू गोखल्यांना कुठला घोडा द्यायचा. सर म्हणतात पांढरा, चित्रात तसाच शोभतो. मी म्हणतो चित्रातले सगळे सरदार पांढऱ्यावरच बसतात, लढाईला निघालेला माणूस तळावर हाताशी असेल तो घोडा घेतो. यंत्रमागवाल्याने अबलख सुचवलाय, तो ओळखायला सोपा म्हणून. येत्या रविवारी त्याच्याच गोदामात बसून ठरवायचं आहे. तोपर्यंत बापूंचा घोडा राखाडी अस्तरात बॉबिनवर उभा आहे आणि मी त्यांच्या मागचे स्वार रंगवायला घेतलेत.